ब्रेकला तेल

शाळेत घर्षणाचा धडा संपला की परीक्षेतला एक प्रश्न ठरलेला असतो : घर्षणाचे फायदे व तोटे लिहा. मुलं तीन फायदे लिहितात, तीन तोटे लिहितात, सहापैकी पाच गुण घेतात आणि निकाल लागला की फायदे विसरतात. तोटे मात्र जन्मभर लक्षात राहत असावेत. कारण हीच मुलं पुढे जाहिराती लिहितात, ॲप बनवतात, गृहप्रकल्पांची चकचकीत माहितीपत्रकं छापतात, आणि मग जिकडे पाहावं तिकडे एकच आश्वासन मिळतं : कुठे काही अडणार नाही, कुठे काही खरखरणार नाही. कर्ज विनासायास, विमा विनाकटकट, आणि लग्नासाठी स्थळ तर नुसतं बोट सरकवलं की हजर. या सगळ्या गुळगुळीतपणाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार तो कुठे लावला जातोय याबद्दल आहे. सायकल पाहा. चाकाच्या आसाला आणि साखळीला तेल लागतं. रिमला आणि ब्रेकच्या रबराला तेलाचा थेंबही चालत नाही. एकाच वाहनात, वीतभर अंतरावर, एका जागी घर्षण शत्रू आणि दुसऱ्या जागी तेच प्राणदाता. झाडाखाली पंप घेऊन बसलेल्या सायकल दुरुस्तीवाल्याकडे तेलाची बुधली एकच असते, आणि ती कुठे वाकडी करायची नाही हे कळणं यातच त्याची निम्मी विद्या असते. आपल्या काळाने बुधली भलतीच मोठी घेतली आणि ही निम्मी विद्या ऑप्शनला टाकली. आपण उत्साहाने ब्रेकला तेल घालतो आहोत आणि सायकल काय सुरेख पळते म्हणून खूशही आहोत. सध्या उतार आहे, त्यामुळे ती खरोखरच सुरेख पळते.

तोट्यांची बाजू आधी मांडलेली बरी, कारण ती कच्ची नाही. केनेथ होल्मबर्ग आणि अली एर्देमिर या संशोधकांनी २०१७ साली मांडलेल्या हिशेबानुसार जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे पाचवा हिस्सा निव्वळ घर्षणावर मात करण्यात खर्च होतो. मोटारीच्या बाबतीत तर इंधनातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा इंजिन, गिअर, टायर आणि ब्रेक यांच्या घासण्यात जातो. म्हणजे शंभराचं पेट्रोल भरलं तर तेहेतीस रुपयांचं आपण केवळ घासण्यासाठी भरतो. हा शत्रू माणसाने फार पूर्वीच ओळखला होता. लिओनार्दो दा विंचीने त्याचे नियम हेरून वहीत लिहून ठेवले, पण छापले नाहीत. मग १६९९ साली गियोम आमोंतॉं या फ्रेंच गृहस्थाने ते नव्याने शोधले आणि नियमांना नाव त्याचं लागलं. घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं आणि वस्तू किती जागेवर टेकली आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो, असं तो म्हणाला. घर बदलताना ‘कपाट आडवं करा, आडवं केलं की हलकं सरकतं’ असं जिन्यात उभं राहून सांगणारे जे काका असतात, त्यांचा मुद्दा अशा रीतीने १६९९ सालीच निकालात निघालेला आहे. निकाल अजून काकांपर्यंत पोचलेला नाही. पुढे १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कुलोंने दाखवलं, की थांबलेली वस्तू हलवायला चालत्या वस्तूपेक्षा जास्त जोर लागतो, आणि ती जितका वेळ पडून राहिली असेल तितकी आणखी जड जाते. त्याने हे लाकडांच्या ठोकळ्यांवर तपासलं. रविवारी पुरणपोळी जेवून कोचावर आडव्या झालेल्या माणसावर तपासलं असतं तर आकडे अधिक ठळक आले असते.

आता दुसरी बाजू. तिच्यावर आपली अब्रू टिकून आहे, आणि हे मी शब्दशः म्हणतो आहे. नऊवारी नेसायला चेन लागत नाही, हूक लागत नाही, बटण लागत नाही. नऊ वार कापड अंगाभोवती फिरतं, एक गाठ बसते, कासोटा खोचला जातो, आणि बाई दिवसभर शेतात वाकते, लावणीला नाचते किंवा मंगळागौरीला फुगडी घालते. धोतर त्याच भरवशावर चालतं, फक्त ते नेसणाऱ्याला तितका भरवसा नसतो. वेढ्यांची ही करामत गणिताने मोजता येते. घर्षणाचा गुणक ०.३ धरला तर खुंटाभोवती दोराचा एक पूर्ण वेढा घेतल्यावर पकड साडेसहा पट होते, दोन वेढ्यांनी चाळीस पटींच्या वर जाते आणि तिसऱ्या वेढ्याला पावणेतीनशे पटींच्याही पुढे. म्हणून धक्क्याला लागलेली मोठी होडी ओढ घेत असताना दोराचं सुटं टोक एखादं शेंबडं पोर एका हाताने धरून उभं राहू शकतं. कापडही मुळात याच तत्त्वावर उभं. कापसाचा एक तंतू जेमतेम इंचभर लांबीचा. असे हजारो तोकडे तंतू जवळ आणून पीळ दिला की ते एकमेकांना धरून राहतात आणि मैलभर सूत होतं. मध्ये ना डिंक, ना गाठ. घर्षण क्षणभर रजेवर गेलं तर भर मांडवात पाहुण्यांच्या अंगावर कपडे राहणार नाहीत, नुसता कापूस उडेल.

स्वयंपाकघराने ही विद्या विज्ञानाच्या आधी आत्मसात केली होती. बाळगुटीतल्या औषधांची मात्रा वजनाने मोजत नाहीत, सहाणेवरच्या वळशांनी मोजतात : वेखंडाचे इतके, हरड्याचे इतके, जायफळाचा एखादाच, नाहीतर बाळ संध्याकाळपर्यंत उठायचं नाही. खडबडीत दगड आणि आजीचा हात, एवढ्या सामग्रीवर चालणारं हे मोजमापाचं यंत्र आहे. पाट्या-वरवंट्याचं उदाहरण तर मला फारच मोलाचं वाटतं. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्यावर वाटण वाटलं जात नाही, नुसतं इकडून तिकडे सहलीला जातं. मग पाट्याला टाकी लावणाऱ्याला बोलावायचं. तो छिन्नी-हातोडी घेऊन उंबऱ्याशी बसतो आणि टकटक करत दगडाला पुन्हा बारीक खड्डे पाडून देतो. जात्यालाही तेच. म्हणजे ज्यांच्याकडे पैशाची चणचण होती त्या घरांनी गाठीचे पैसे मोजून खडबडीतपणा विकत घेतला. गुळगुळीत झालेली वस्तू बिघडलेली असू शकते, हे त्यांना पाटा बघून कळत होतं. तालमीतल्या उस्तादालाही ते कळत होतं. मल्लखांबाच्या खांबाला एरंडेल चोपडतात, कारण तिथे अंग सरकायला हवं, सोललं जाता कामा नये. त्याच तालमीत, चार पावलांवर, आखाड्यात उतरलेले पैलवान मूठभर तांबडी माती स्वतःच्या आणि समोरच्याच्याही अंगाला फासतात, कारण घामाने निथळणाऱ्या अंगावर पकड बसत नाही. समोरच्याच्या अंगाला घर्षण लावून द्यायचं आणि मग त्याला चीत करायचं, यातली सभ्यता अलीकडे राजकारणातही दिसत नाही.

तरी सर्वांत नामी उदाहरण रेल्वेचं. पोलादी चाक पोलादी रुळावर इतकं कमी अडतं, की सपाटीवर टनभर ओझं गडगडत ठेवायला दोन-चार किलोंचा जोर पुरतो. स्वस्तात माल वाहून नेण्याची रेल्वेची सारी पुण्याई त्या गुळगुळीतपणात आहे. पण कर्जतहून लोणावळ्याला किंवा कसाऱ्याहून इगतपुरीला निघालेली गाडी घाटात शिरली की ३७ फुटांना एक फूट असा चढ लागतो. आता टनामागे आणखी सत्तावीस किलोंचा जोर हवा, आणि तो जोर रुळावर टेकवायला पकड हवी. इथे पुण्याई अंगाशी येते. म्हणून मागून ढकलणारी जादा इंजिनं जोडावी लागतात. गाडी जितक्या चाकांवर पाय रोवेल तितकं बरं. पावसात चाकं जागच्या जागी फिरू लागली तर उपाय काय? इंजिनाखाली पेट्या असतात, त्यांतून चाकांपुढे रुळावर वाळू सोडायची. हजारो अश्वशक्तीचं विजेवर चालणारं यंत्र, त्यात बसवलेले संगणक, आणि ऐन वेळी कामाला येते ती वाळू! शिवाय ही वाळू नेमकी घसरणाऱ्या चाकापुढे आणि नेमकी घसरण्यापुरतीच पडते. सगळ्या लोहमार्गावर ती पसरून ठेवा असं कुणी म्हणत नाही आणि वाळूच्या पेट्या काढून टाका असंही कुणी म्हणत नाही. रेल्वेत समिती नेमायची पद्धत असूनही इतका शहाणपणा टिकला आहे, याचं कौतुक वाटतं.

घर बांधणाऱ्या मध्यमवर्गाकडे हा शहाणपणा नाही. शेणाने सारवलेली जमीन, शहाबादी फरशी, कोब्याची ओसरी, यांवरून ओल्या पायांनी चालता येत असे. आता दिवाणखान्यापासून न्हाणीघरापर्यंत आरसा वाटावी अशी व्हिट्रिफाइड फरशी लागते. ‘हिच्यात तोंड दिसतं’ असं दुकानदार अभिमानाने सांगतो. लवकरच ते फार जवळून दिसणार आहे हे सांगत नाही. मग त्या फरशीवर घसरू नये म्हणून रबरी जाळीची पायपुसणी येतात, न्हाणीघरात खरबरीत पट्ट्या चिकटवल्या जातात, भिंतीला पोलादी दांडे बसतात आणि घरातल्या ज्येष्ठांना तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे आणले जातात. आधी घर्षण काढून टाकायला चौरस फुटाच्या दराने पैसे मोजायचे, आणि नंतर तेच घर्षण किरकोळीच्या भावाने परत आणायचं. कोकणात पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यावर शेवाळ धरतं. ते फुकट असतं, तरी लोक खराटा घेऊन ते खरवडून काढतात.

पायांखालचं घर्षण गेलं की निदान हाड मोडतं आणि चूक कळते. खिशाखालचं गेलं तर काही महिने काहीच कळत नाही. रोख पैसे द्यायचे तर पाकीट काढावं लागे, बोट ओलं करून नोटा मोजाव्या लागत, पाचशेची मोडताना मन थोडं खरचटे. २०१६ साली यूपीआय आलं आणि ते खरचटणं थांबलं. त्याचे उपकार मोठे आहेत; सुट्ट्या पैशांऐवजी दुकानदार हातावर गोळ्या-चॉकलेटं ठेवत, ती प्रथा एकट्या यूपीआयने मोडून काढली. पण दोनशे रुपये जाताना मनाला जो एक बारीक ओरखडा उठे, त्याने किती अनावश्यक खरेद्या वाचवल्या याची नोंद कुठल्याच पासबुकात नाही. रिझर्व्ह बँकेला मात्र ओरखड्याची किंमत ठाऊक असावी. कार्डाने ऑनलाइन पैसे देताना २००९ पासून तिने आणखी एक खातरजमा सक्तीची केली, आणि ओटीपी नावाचं वाळूचं पोतं व्यवहाराच्या वाटेत येऊन पडलं. सगळे त्याला शिव्या देतात. ज्याचे पैसे वाचले तोही देतो, कारण वाचलेले पैसे दिसत नाहीत आणि न आलेला ओटीपी दिसतो. असाच प्रकार व्हॉट्सॲपने केला. अफवांवरून माणसं मारली जाऊ लागली, तेव्हा २०१८ साली भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा आली. २०२० च्या एप्रिलमध्ये, आधीच खूप ठिकाणी फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं ठरलं, आणि अशा संदेशांचा फैलाव सत्तर टक्क्यांनी घटला असं कंपनीनेच सांगितलं. लक्षात घ्या, बंदी कशावरही नव्हती. पुन्हापुन्हा बोट दाबायची तयारी असेल तर खुशाल हळदीने मधुमेह बरा करा. लोकांनी तयारी दाखवली नाही. ज्या ज्ञानावर जगाचं आरोग्य अवलंबून होतं, ते पोचवायला चार वेळा अंगठा हलवण्याइतकंही मोल त्यांना वाटलं नाही. घर्षणाने इथे कुणाचं तोंड दाबलं नाही, फक्त कळकळ तोलून दाखवली.

इथे कुणीही विचारी वाचक अडवेल आणि म्हणेल, की हे सगळं सरकारी कचेरीत जाऊन सांगा. दाखल्यासाठी तीन खेटे, प्रत्येक खेपेला नवा कागद, आणि ‘साहेब जेवायला गेलेत’. यात कुठली कळकळ तोलली जाते? आक्षेप बिनतोड आहे. कचेरीतलं घर्षण तर आमोंतॉंलाही चकवणारं. त्याच्या नियमाप्रमाणे वजन वाढलं की वस्तू सरकायला जड होते. आपल्याकडे फायलीवर वजन ठेवल्याशिवाय ती सरकतच नाही. म्हणूनच २०१५ साली महाराष्ट्राला लोकसेवा हक्काचा कायदा करावा लागला, सेवांना मुदती ठरवाव्या लागल्या, आणि सातबारा घरबसल्या उतरवून घेता येऊ लागला तेव्हा शेतकऱ्याच्या चपलेची झीज कमी झाली. ते तेल आसातच पडलं आणि योग्य पडलं. खाजगी धंद्यातले लोक यापेक्षा चलाख. त्यांनी एकाच दाराला आतून वाळू आणि बाहेरून तेल लावलं. वर्गणीदार व्हायला एक बोट पुरतं. नाव काढून घ्यायला ‘खरंच जाताय?’, ‘कारण सांगा’, ‘तीन महिने निम्म्या दरात राहा’ अशी तोंडं चुकवत जावं लागतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली, आणि हा वर्गणीचा सापळा त्या यादीत आहे. आक्षेप मान्य केल्याने माझा मुद्दा पडत नाही, उलट धारदार होतो : घर्षणाची जागा चुकते ती बहुधा अजाणतेपणी चुकत नाही. ती कुणीतरी सोयीने चुकवलेली असते, आणि सोय ज्याची त्याच्या टाचा कधी घासत नाहीत.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे आणि तो घरातून येतो. पाट्या-वरवंट्याचं कौतुक करणारा लेखक स्वतः कधी वाटायला बसला होता का? जात्यावरच्या ओव्यांवर भाषणं झाली, प्रबंध झाले. पहाटे उठून दळणाऱ्या बाईचे खांदे दुखत, त्यावर कुणी प्रबंध लिहिला नाही. ‘पाट्यावरच्या चटणीची चव मिक्सरला नाही’ हे वाक्य आजवर बहुतेक वेळा ताटावर बसलेल्या माणसाने उच्चारलं आहे, पाट्यावर बसलेल्या बाईने नाही. मिक्सर आणि गिरणी आल्यावर बायकांनी एका सुरात सुस्कारा सोडला, तो खरा अभिप्राय धरायला हवा. या आक्षेपाला माझ्याकडे प्रतिवाद नाही, त्यातून निघणारी कसोटी मात्र आहे. घासतो कोण आणि चव कुणाला मिळते, हे दोन वेगळे लोक असतील तर ते घर्षण कमी करा. तिथे चवीच्या गप्पा नकोत. सतारीला बसलेला विद्यार्थी बोटं सोलून घेतो आणि सूर त्याच्याच हाताला चढतो. तिथे गुळगुळीत करून द्यायला जाऊ नका. पाट्याची चव ज्याला इतकी प्रिय आहे त्याने स्वतः वरवंटा हातात घ्यावा, कसोटी आपोआप पार पडेल. बहुधा आठवड्याभरात तोच मिक्सरची वॉरंटी शोधू लागेल.

माणसामाणसांतल्या घर्षणाबद्दलही हेच, पण थोडक्यात आटोपतो, कारण या विषयावर प्रत्येक घरात तज्ज्ञ आहेत. भांड्याला भांडं लागतंच, असं म्हणून आपण मोकळे होतो. भांड्यांनी एकमेकांना लागूच नये अशी व्यवस्था केलेली घरं आणि संस्थाही असतात. तिथे सगळे सगळ्यांना ‘अगदी बरोबर’ म्हणतात. कारखान्यात मोजमापासाठी वापरतात ते पोलादी गेज ब्लॉक इतके सपाट आणि घोटीव असतात, की दोन ठोकळे एकमेकांवर दाबून सरकवले की घट्ट चिकटतात. सरळ ओढून ते सहजी सुटत नाहीत. अति गुळगुळीतपणा एका हद्दीपुढे सरकणं बंद करतो. गृहनिर्माण संस्थेची जी कार्यकारिणी वर्षानुवर्षं एकमताने ठराव करते, तिच्यात हा प्रयोग चालू असतो. वार्षिक सभेत एखादे खरखरीत आवाजाचे सभासद उठून पाण्याच्या टाकीचा हिशेब मागतात, तेव्हाच तिथे काही हलतं. त्यांचा सगळ्यांना वैताग येतो आणि टाकी त्याच वर्षी साफ होते.

राहता राहिली भाजी. मंडईत जायचं, भाव विचारायचा, ‘एवढी महाग?’ म्हणून पुढच्या गाळ्याकडे एक पाऊल टाकायचं, भाजीवाल्या मावशींनी ‘या हो ताई, तुम्हाला काय जास्त लावणारे का’ म्हणून परत बोलवायचं, अशी घासाघीस करून पाव किलो गवार घरी येत असे. आता ती दहा मिनिटांत दारात येते, आणि ते सोयीचं आहे. पाय दुखणाऱ्या माणसाला तर वरदान आहे. भर पावसात दुचाकीवरून जो पोरगा ती आणतो त्याच्या टायरला या सोयीचं घर्षण लागतं, ते आपल्या पडद्यावर दिसत नाही. दिसतो तो नकाशावर सरकणारा एक ठिपका. बिलात मात्र सगळं दिसतं. मावशींशी वाद घालून गवार रुपया-दोन रुपयांनीच स्वस्त पडायची, पण वाद मिटल्याची खूण म्हणून पिशवीत वरून कढीपत्त्याची काडी आणि मूठभर कोथिंबीर पडायची. ॲपवर कुणी हुज्जत घालत नाही, त्यामुळे कोथिंबीर अठरा रुपये, कढीपत्ता नऊ रुपये, हाताळणीचे वेगळे, आणि पाऊस असेल तर पावसाचे वेगळे.